पावसाळ्यानंतर मॉडेल टीला हँडल मारण्याआधी

बडोद्यात जुनी फोर्ड मॉडेल टी बिघडते ती वयामुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त. चार महिन्यांची दमट हवा ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या लाकडी पेटीत शिरते, पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरून बसतं, रेडिएटरमध्ये बोअरच्या पाण्याचा क्षार साचतो, आणि मे महिन्यात चाकांच्या लाकडी आऱ्यांतली उरलीसुरली ओल उडून जाते. इंजिन मात्र बिचारं दणकट असतं. म्हणून खंडेनवमीला गाडीला हार घालायचा असेल, तर त्याआधीचे दोन रविवार मोकळे ठेवा. एका दुपारी हे काम उरकत नाही.

आधी हाताखालची गाडी कोणत्या सालातली आहे ते पाहा. पार्ट मागवताना नुसतं ‘मॉडेल टी’ म्हणून भागत नाही. १ ऑक्टोबर १९०८ ला ही गाडी बाजारात आली आणि मे १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या. इंजिन शेवटपर्यंत तेच राहिलं: चार सिलिंडर, २.९ लिटर, २० अश्वशक्ती. पण त्याच्या आजूबाजूचं सगळं बदलत गेलं. पितळी रेडिएटर असेल तर गाडी १९१६ किंवा त्याआधीची. १९१७ च्या मॉडेलपासून रेडिएटरला काळं कवच आलं. कारखान्यातून सेल्फ आला १९१९ मध्ये. पेट्रोलची टाकी सीटखाली असेल तर गाडी बहुधा १९२५ पर्यंतची, कारण १९२६-२७ च्या बहुतेक बॉडींमध्ये टाकी डॅशच्या पुढे गेली. (अर्थात रेडिएटर आणि सेल्फ मागाहून बदललेलेही असतात, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नका.)

इंजिनचा नंबर डाव्या बाजूला, पाणी आत शिरतं त्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो. नंबराआधी ‘सी’ असेल तर इंजिन कॅनडाचं. ऑन्टारिओतल्या वॉकरविलची फोर्ड ऑफ कॅनडा ही कंपनी १९०४ पासूनची, आणि इंग्रजांच्या वसाहतींना उजव्या हाताच्या गाड्या तीच पुरवायची. आपल्याकडच्या संस्थानी गाड्यांमध्ये हा ‘सी’ वारंवार दिसतो तो त्यामुळे. मात्र हा नंबर इंजिनाचा असतो, गाडीचा नव्हे. शंभर वर्षांत ब्लॉक बदललेला असू शकतो.

मागच्या अॅक्सलला वर्म गिअर असेल आणि दोन अॅक्सलमधलं अंतर १०० ऐवजी १२४ इंच भरलं, तर तुमच्याकडे कार नाही, १९१७ नंतरचा एक टनी टीटी ट्रक आहे. त्याच्या मागच्या अॅक्सलचे पार्ट कारला बसत नाहीत.

पेट्रोल

इथे पंप नाही. पेट्रोल टाकीतून उतारानेच कार्ब्युरेटरकडे येतं. टाकीखालचा कॉक बंद करून जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत असेल तर ते दुसऱ्या गाडीतही ओतू नका. गाळाच्या वाटीत तळाशी पाण्याचे थेंब दिसतील, तेही काढा.

मग कार्ब्युरेटरची वाटी उघडा. जुन्या कार्ब्युरेटरमधला फ्लोट (वाटी भरली की पेट्रोलची सुई बंद करणारा तरंगता तुकडा) बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा थर असतो. इथेनॉल तो थर विरघळवतं, बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि बुडतं. मग सुई बंदच होत नाही आणि गाडी उभ्या उभ्या पेट्रोल गळते. मिस्त्री सुई घासत बसतो, दोष मात्र फ्लोटचा असतो. फ्लोट एका काचेच्या बरणीत पेट्रोलवर रात्रभर तरंगत ठेवा. सकाळी तो खाली गेलेला दिसला तर पितळी फ्लोट बसवा. पितळी मिळत नसेल तर बूच पूर्ण वाळवून त्यावर सायनोअॅक्रिलेट गोंदाचे दोन पातळ थर द्या. शेलॅक पुन्हा लावणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी तेच काम राखून ठेवणं.

उताराचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवा. टाकी सीटखाली आणि पेट्रोल कमी असेल, तर पावागडला माचीच्या चढावर कार्ब्युरेटर टाकीपेक्षा वर जातो आणि गाडी कोरडी पडते. पूर्वी लोक असा चढ रिव्हर्समध्ये चढायचे, ती काही गंमत नव्हती. आजच्या वाहतुकीत ते करू नका, टाकी भरून निघा.

कॉइल

डॅशवरच्या पेटीत चार कॉइल असतात, प्रत्येक सिलिंडरला एक. स्विच ‘बॅटरी’वर ठेवून हँडल हळू फिरवलं की एकेक कॉइल माशीसारखी गुणगुणायला हवी. एखादी घोगरी वाजते, एखादी गप्प बसते. ओढून चारही बाहेर काढा, पेटीतल्या पितळी पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने चमकवा, आणि लाकूड कोरड्या खोलीत दोन दिवस राहू द्या. उन्हात वाळवू नका, आतलं डांबर मऊ होऊन सुटतं.

कॉइलच्या आत शंभर वर्षांपूर्वीचा कागदी कपॅसिटर असेल तर तो मेलेला आहे असंच धरून चाला. त्या जागी ०.४७ मायक्रोफॅरॅडचा, ४०० व्होल्ट किंवा त्याहून वरचा फिल्म कपॅसिटर बसतो. पॉइंटमधली फट ०.७५ मिलिमीटर. खरी परीक्षा अॅमीटरवर: व्यवस्थित बसवलेली कॉइल साधारण १.३ अँपिअर घेते. चारही कॉइल सारख्या लावल्या नाहीत तर इंजिन चालतं, पण लंगडत चालतं.

गाडी मिस मारत असेल तर एकेका कॉइलची कंपनपट्टी कोरड्या लाकडी काडीने दाबा. (बोटाने नको, झटका बसतो.) जी दाबल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच बंद आहे. आता ती कॉइल शेजारच्या कॉइलशी बदला. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लग, तार किंवा पुढचा टायमर (कोणत्या कॉइलला कधी वीज जायची ते ठरवणारा) तपासा. टायमरमध्ये रोलर फिरतो, त्याला पातळ तेलाचे चार थेंब वारंवार लागतात. तो कोरडा पडला की आतला रस्ता खडबडीत होतो आणि वेगात मिस सुरू होतो.

तारा परत जोडताना एक चूक हमखास होते. मॉडेल टीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, १-२-४-३ आहे. आपल्या मिस्त्रींच्या हाताला १-३-४-२ बसलेला असतो, आणि तसं जोडलं की गाडी फटाके फोडते पण चालत नाही. प्लगचे आटेही नेहमीचे नाहीत, अर्ध्या इंची पाइपाचे निमुळते आटे आहेत. ते बेताने आवळा.

आणि स्विच. त्यावर ‘बॅटरी’ आणि ‘मॅग्नेटो’ अशा दोन जागा असतात. फ्लायव्हीलवरच्या १६ चुंबकांचा मॅग्नेटो स्वतःच वीज बनवतो. त्याच्या टर्मिनलला बॅटरीची तार एकदा जरी लागली तरी चुंबकं उतरतात, आणि ती पुन्हा भरायची तर वेगळी खटपट करावी लागते, नाहीतर इंजिन उतरवावं लागतं. मॅग्नेटोवर गाडी बंद पडत असेल तर आधी गिअरबॉक्सच्या झाकणावरचं ते टर्मिनल तीन स्क्रू काढून उघडा; बॅण्डचा (गिअरबॉक्समधल्या ड्रमभोवती आवळणाऱ्या, सुती अस्तराच्या पट्ट्यांचा) कचरा त्याच्या टोकाशी चिकटलेला असतो.

तेल आणि पाणी

तेल पावणेचार लिटर. मागच्या बाजूला खालीवर दोन छोटे कॉक असतात, तेलाची पातळी त्या दोन्हींच्या मध्ये हवी. खालचा उघडून काहीच गळलं नाही तर इंजिन चालवायचं नाही. तेलाचा पंपही नाही: फ्लायव्हील तेल उडवतं, त्यातलं थोडं एका नळीतून पुढे वाहत येतं. बॅण्डचा कचरा त्या नळीत अडकला की पहिल्या सिलिंडरचं बेअरिंग आणि पुढचे गिअर उपाशी राहतात. म्हणून तेल बदलताना ते कापडातून गाळून बघा. सुतासारखे धागे दिसले तर बॅण्ड झिजताहेत.

रेडिएटरमध्ये सुमारे ११ लिटर पाणी मावतं, आणि पाण्यालाही पंप नाही. गरम पाणी वर, थंड खाली, एवढ्यावरच चालतं. पातळी वरच्या तोंडाखाली गेली की हा फेराच थांबतो. बोअरचं पाणी चुकूनही घालू नका, डिस्टिल्ड आणा.

इतकं करूनही गाडी उकळत असेल तर रेडिएटर बदलण्याआधी स्टिअरिंगखालची डावी दांडी बघा. ती स्पार्कची. चालू करताना ती वर ठेवतात आणि मग विसरतात. स्पार्क उशिरा पडत राहिला की एक्झॉस्ट लाल होतो आणि अलकापुरीच्या पहिल्या सिग्नललाच वाफ निघते. गाडीने वेग धरला की दांडी अर्ध्याहून जास्त खाली हवी.

ब्रेक

इथे पाण्याचा संबंध नाही, पण दुर्लक्ष जिवावर बेततं. पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समधल्या ड्रमवर आहे. तिथून चाकांपर्यंतचा सगळा भरवसा मागच्या अॅक्सलवर. त्या अॅक्सलमध्ये मूळचे थ्रस्ट वॉशर बॅबिटचे, म्हणजे पांढऱ्या मऊ धातूचे असतात. ते तडकून चुरा झाले की गिअर एकमेकांपासून सुटतात, आणि त्या क्षणी पायाखालचा ब्रेक पूर्ण जातो. आधी काही कळतही नाही. अॅक्सल उघडल्याचा पक्का पुरावा नसेल तर उघडाच आणि कांस्याचे वॉशर घाला. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) नमुना दिला की लेथवर निघतात. ज्यांना गर्दीत गाडी चालवायची आहे त्यांनी मागच्या चाकांना बाहेरून आवळणारे ब्रेकही लावावेत. रॉकी माउंटन नावाने ते त्याच काळापासून मिळतात, त्यामुळे गाडीच्या अस्सलपणाला धक्का लागत नाही.

बॅण्ड आवळायला झाकण उघडाल तेव्हा आत आधी कापड कोंबा. एक नट आत पडला तर रविवार गेला.

टायर क्लिंचर, म्हणजे हवेच्या जोरावर रिमच्या कडेत अडकून बसणारे असतील तर हवा ५५ ते ६० पाउंड. हवावाला सवयीने ३० भरतो, आणि तेवढ्या हवेवर वळणात टायर रिममधून निसटतो. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. आरे करकरले तर गाडी रस्त्यावर काढू नका. पाणी मारून आरे फुगवणारे भेटतील. तो इलाज आठवडाभर टिकतो आणि लाकूड कुजवतो.

हँडल

हँडब्रेक पूर्ण मागे ओढा. मागे ओढला की गाडी न्यूट्रलमध्येही येते. बॅण्ड किंवा क्लच घट्ट असेल तर मात्र ती चालू होताच पुढे सरकते, आणि पुढे तर तुम्हीच उभे असता. म्हणून चाकापुढे लाकडी ठोकळा. स्पार्कची दांडी पूर्ण वर, उजवीकडची रेसची दांडी पाच-सहा दाते खाली. स्विच अजून बंद. रेडिएटरजवळची चोकची तार ओढून हँडल दोनदा सावकाश फिरवा, म्हणजे पेट्रोल आत येईल. आता स्विच ‘बॅटरी’वर.

हँडल डाव्या हाताने धरायचं. अंगठा बोटांच्याच बाजूला, दांड्याला विळखा घालायचा नाही. खालून वर एकच झटका. वरून खाली दाबायचं नाही, हँडल सतत गरगर फिरवायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर उघडा तळहात सुटून जातो. अंगठा गुंतलेला असेल तर मनगट मोडतं. इंजिन पकडलं की लगेच जाऊन स्पार्क खाली घ्या, रेस कमी करा आणि स्विच ‘मॅग्नेटो’वर टाका. आवाज गोल झाला पाहिजे.

पहिली फेरी सकाळी आठच्या आत, सयाजीबागेच्या आसपास एवढीच. डावा पेडल पूर्ण दाबला की पहिला गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, आणि हँडब्रेक पुढे करून पाय सोडला की दुसरा. मधला पेडल रिव्हर्सचा, उजवा ब्रेकचा. रोजच्या गाडीची सवय पायात भिनलेली असते: थांबायला म्हणून डावा पाय क्लचसारखा तळाला नेला की गाडी पहिल्या गिअरमध्ये जोर धरते. रिकाम्या मैदानात हे वीस वेळा करा, मगच रस्ता.

घरी आल्यावर टाकीचा कॉक बंद करा आणि इंजिन कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपवून आपोआप बंद पडू द्या, म्हणजे फ्लोट कोरडा राहील. मग स्विच बंद करून किल्ली खिशात टाका. तो ‘बॅटरी’वर राहिला आणि टायमरचा रोलर नेमका एखाद्या टोकावर थांबला, तर ती एक कॉइल अंधारात गुणगुणत राहते आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरते.