पौराणिक-ऐतिहासिक कादंबरी कशी वाचायची, म्हणजे मजाही जात नाही आणि पोपटही होत नाही

गणपतीत जेवणं झाली की आमच्याकडे हमखास महाभारत निघतं. अशाच एका वर्षी मी ठासून सांगितलं की मयसभेत द्रौपदी दुर्योधनाला "आंधळ्याचा पोरगा आंधळा" म्हणाली आणि तिथनंच सगळं पेटलं. मामा काही बोलला नाही, उठला, कपाटातून सभापर्वाच्या भाषांतराचा खंड काढला, माझ्यापुढे ठेवला नि म्हणाला, दाखव. अर्धा तास शोधलं. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम हसतो, नोकरचाकर हसतात, पुढे दुर्योधन बापाकडे गाऱ्हाणं नेतो त्यात द्रौपदी बायकांसकट हसली असंही म्हणतो, पण ते आंधळ्याचं वाक्य तिच्या तोंडी कुठ्ठंच नाही. पार पोपट झाला माझा.

तेव्हापासून मी वाचायची पद्धत बदलली, तीच सांगतो.

पहिल्या वेळी काहीही तपासू नका. खरंच. कर्णावरची मृत्युंजय हातात घेतलीत तर दोन रात्री जागा, रडू आलं तर रडा, फोन लांब ठेवा. दर पानाला "हे खरं का हो" करत बसणाऱ्याने कादंबरी वाचूच नये, त्याने सरळ इतिहासाचा ग्रंथ, सरदेसायांची रियासत वाचावी (ती पण वाचावीच, पण ते वेगळं).

प्रस्तावना मात्र सोडू नका, फक्त कादंबरी संपल्यावर वाचा. शिवाजी महाराजांवरच्या श्रीमान योगीला नरहर कुरुंदकरांचं लांबलचक पत्रच प्रस्तावना म्हणून जोडलंय, आणि मला विचाराल तर ते वाचल्याशिवाय ती कादंबरी अर्धीच वाचली. महाराजांकडे बघायचं कसं, कुठे पुरावा आहे नि कुठे आपण नुसतं धरून चाललोय, हे त्यात भाबडेपणा न करता मांडलंय.

मग दुसऱ्यांदा चाळताना हातात पेन्सिल. नियम साधा आहे, माणूस मनात काय म्हणाला, स्वप्नात काय दिसलं, बंद खोलीत नवराबायको काय बोलले, हे सगळं लेखकाचं, समासात बारीक "ले" लिहायचं. स्वामी घ्या. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले, वय अवघं सत्तावीस, रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. त्या दोघांमधली ती हळवी बोलणी रणजित देसायांची. "ले" लिहिलं म्हणजे खोटं ठरवलं असं नाही हां, उलट लेखकाची कमाई नेमकी कुठे आहे ते त्या खुणांवरूनच कळतं. पुण्याजवळ राहत असाल तर थेऊरला जाऊन या, चिंतामणीचं दर्शन झालं की नदीकडे रमाबाईंचं स्मारक आहे तिथे पण जा, सगळेच देवळातनं परत फिरतात.

आता सगळ्यात मजेची पायरी. अख्खं पुस्तक नाही, आपल्याला फार आवडलेला एकच प्रसंग उचलायचा आणि जुन्या साधनात शोधायचा. मी तानाजी घेतला. सभासद बखर छोटीशी आहे, कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली, एका सुट्टीत सहज होते. भाषा जुनी, पण मोठ्याने वाचली की आपोआप उलगडते, अडलं तर मोल्सवर्थ नाहीतर दाते-कर्व्यांचा शब्दकोश. त्यात सिंहगडाचा प्रसंग काढला तर घोरपड नाहीच! मावळे कड्यावरून वानरासारखे चढले, एवढंच. आणि जे वाक्य आपण शाळेपासून पाठ केलंय, गड आला पण सिंह गेला, ते पण नाही. महाराज म्हणतात, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." मी ते तीनदा वाचलं. माणसालाच गड म्हणणं, मला तर हे सिंहापेक्षा जास्त लागलं. शोधायला गेलो होतो चूक आणि मिळालं हे.

महाभारतासाठी भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती, १९१९ ते १९६६ एवढं काम चाललं, देशभरच्या पोथ्या ताडून. कर्णाच्या चाहत्यांनी (मी पण त्यातलाच) जरा मन घट्ट करून बघावी. "मी सूताला वरणार नाही" हे द्रौपदीचं वाक्य मोजक्याच पोथ्यांत सापडलं म्हणून मुख्य संहितेत घेतलेलंच नाही, खाली तळटिपेत टाकलंय. आता त्यावर किती कादंबऱ्या, नाटकं, स्टेटस उभे आहेत ते मोजा.

एकाच माणसावरच्या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचा. मृत्युंजय १९६७ ची, राधेय १९७३ ची, कर्ण एकच. पहिलीत सहा जण आपापल्या तोंडाने गोष्ट सांगतात, त्यात वृषाली पण. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला सांगतो की अधिरथानेच माझी लग्नं लावून दिली, तिथे त्या बायकांची साधी नावंही नाहीत, म्हणजे वृषाली किती मोठी उभी केलीय बघा. आणि हे दोन्ही झाल्यावर लगेच इरावती कर्व्यांचं युगान्त, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. थंड पाणी अंगावर घेतल्यासारखं होतं, राग येतो, येऊ दे, आठवड्याने परत वाचा.

एक पथ्य. आजीने गोष्ट सांगताना घोरपड आणली तर तिथे सभासद काढायचा नाही. ती गोष्ट तिची आहे. फॅमिली ग्रुपवर मात्र कोणी कादंबरीतला उतारा "ऐतिहासिक सत्य" म्हणून टाकला तर बिनधास्त विचारा, कुठल्या कागदात आहे? मामाने मला विचारलं तसंच, एका शब्दात. दाखव.