डिटेक्टर भाटात नेण्याआधी कानाची तयारी

मेटल डिटेक्टर धातू ओळखून पडद्यावर जो आकडा दाखवतो, त्याच्या भरवशावर गोव्यात जमिनीतली चांदीची नाणी शोधणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. आपली जमीन जांभ्याची, लोहाने ठासून भरलेली. हवेत धरल्यावर जे नाणं ठाम आकडा देतं, तेच या मातीत वीतभर खाली गेलं की आकडा घसरतो आणि नाचायला लागतो. आवाज त्यामानाने जास्त वेळ इमान राखतो. म्हणून भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, निघण्याआधी घरीच कान तयार करायचे.

सुरुवात नमुने जमवण्यापासून. आजीच्या डब्यात पंचम जॉर्जचा रुपया बहुधा सापडतोच. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी 91.7 टक्के. जोडीला चांदीची पावली घ्या आणि मिळाली तर चवलीही, म्हणजे दोन आण्यांचं नाणं. ती जेमतेम दीड ग्रॅमची असल्यामुळे खरी परीक्षा तीच घेते. जुना रुपया म्हटला की चांदीच, असं मात्र धरून चालू नका. ब्रिटिश रुपयातली चांदी 1940 पासून निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा, लोहचुंबकाला चिकटणारा. पोर्तुगीज रुपियाचीही तीच गत: 1912 चा ब्रिटिश रुपयाच्या तोडीचा, 1935 चा 12 ग्रॅमचा आणि तितकाच शुद्ध, 1947 च्यात निम्मी चांदी, 1952 च्यात अजिबात नाही.

कचऱ्याचे नमुनेही हवेत, किंबहुना ते जास्त हवेत. बियरच्या बाटलीचं बूच, कॅनची कडी, फेणीच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण, रिपेचा गंजका खिळा, आताचं स्टीलचं दोन रुपयांचं नाणं आणि एखादा ढब्बू पैसा. तांबं वीजवाहकतेत चांदीच्या अगदी मागोमाग असल्यामुळे ढब्बू पैसाही उंच आवाजातच बोलतो. त्यावर फार डोकं शिणवू नका, तोही उकरायचाच आहे.

हेडफोन वायरचे घ्या. साध्या ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, तोवर कॉइल (यंत्राची जमिनीवरून फिरवायची तबकडी) नाण्यावरून पुढे सरकलेली असते आणि खड्डा भलत्याच जागी पडतो.

सेटिंगचा क्रम चुकवू नका. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, इन्व्हर्टर आणि पंपापासून लांब जा आणि आधी नॉइज कॅन्सल करा. मग खाली धातू नाही अशी जागा बघून कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स घ्या, म्हणजे मातीतल्या लोहाकडे यंत्र काणाडोळा करेल असं जुळवून घ्या आणि तिथेच कायम करा. ट्रॅकिंग, म्हणजे हा बॅलन्स आपोआप बदलत राहणं, चालू ठेवलं तर एकाच जागी कॉइल फिरवत राहिल्यावर यंत्र हळूहळू नाण्यालाच जमीन समजायला लागतं. त्यानंतर सेन्सिटिव्हिटी. ती वर चढवायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण जांभ्यावर ती चढवली की यंत्र नुसतं बडबडतं. बडबड थांबेपर्यंत खाली आणा. फ्रिक्वेन्सी निवडायची सोय असेल तर चांदीसाठी खालची, 5 किलोहर्ट्झच्या आसपासची बरी. ओल्या खारट वाळूवर मात्र एकाच फ्रिक्वेन्सीचा हट्ट सोडा आणि मल्टीवरचा, म्हणजे एकदम अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारा, बीच प्रोग्राम लावा.

आता आवाज. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळणारी चाळणी, पूर्ण उघडं ठेवा. लोखंडाचा आवाज खालच्या पट्टीत ठेवून बारीक करा, पण बंद करू नका. जुन्या घराच्या अंगणात खिळ्याशेजारी नाणं असतं. लोखंड मुकं केलंत तर नाण्याची तुटक चिवचिव ऐकू येते, पण ती का तुटते ते कळत नाही. मग चवली कॉइलखालून पुन्हापुन्हा फिरवा, तिचा सर्वांत कमी आकडा टिपून घ्या आणि वरच्या टोनची सीमा, म्हणजे ज्या आकड्यापासून उंच सूर वाजतो ती, त्याच्याही थोडी खाली ओढा. मातीत आकडा उतरतो, त्याला तेवढी जागा लागते. त्या वरच्या कप्प्याला सर्वांत उंच सूर द्या. थ्रेशोल्ड, म्हणजे मागे सतत चालणारी बारीक गुणगुण, मच्छरदाणीबाहेरच्या डासाइतकाच राहू द्या. क्षीण आवाज फुगवून मोठा करणारं बूस्ट असेल तर सुरुवातीला ते बंदच बरं, नाहीतर वरचं नाणं आणि खोलवरचं नाणं एकाच आवाजात ओरडतात.

हे झालं की कुंपणाकडेला रुपया एक वीत खोल, पावली त्याच्या निम्म्यावर आणि एक नाणं उभं, कडेवर पुरा. वर खुणेच्या काड्या रोवा. कॉइल आधी पूर्व-पश्चिम फिरवा, मग नव्वद अंशात वळून दक्षिण-उत्तर. आडवं पडलेलं चांदीचं नाणं दोन्हीकडून सारखंच बोलतं: आखूड, गोल, कडा स्वच्छ. कॉइल उचलत नेली की आवाज हळूहळू विरतो. दाबलेला कॅन पसरट वाजतो आणि कॉइल बरीच उचलली तरी वाजत राहतो. वाकडा खिळा एका बाजूने चांदीची नक्कल करतो, वळल्यावर गुरगुरतो. बियरचं बूच सगळ्यांत लबाड. मधोमध सुरेल, पण कॉइलचं टोक त्याच्यावरून मागे ओढलं की लोखंडी घरघर निघते. उभं नाणं कमी खोल असेल तर एकाऐवजी दोन टिकटिक देतं. डोळे मिटून, दुसऱ्या कोणाला नमुने बदलायला लावून हे ओळखता यायला लागलं की सेटिंग यंत्राच्या यूजर प्रोफाइलमध्ये सेव्ह करा.

दिवस दिवाळीच्या आसपासचा निवडा. माती अजून मऊ असते आणि भाटातलं गवत कापलेलं असतं, नाहीतर कॉइल जमिनीपासून हातभर वरच तरंगते. पिनपॉइंटर (खड्ड्यात नाणं नेमकं कुठे ते दाखवणारी हातातली कांडी), खुरपं, चार्ज केलेली बॅटरी आणि कचऱ्याची पिशवी घ्या. माडाची मुळं तोडायची नाहीत आणि खड्डा बुजवूनच पुढे सरकायचं.

भाटकाराची, म्हणजे भाटाच्या मालकाची, परवानगी लेखी घ्या, पुढच्या कटकटी टळतात. आग्वादचा किल्ला किंवा जुन्या गोव्यातल्या चर्चच्या आवारासारख्या संरक्षित जागी यंत्र गाडीतून काढूच नका. आणि 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा वाचून ठेवा. जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांच्या वरचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि ते दहा रुपये आजही दहाच आहेत. म्हणजे चांदीचा एक रुपया निघाला तरी कलेक्टर ऑफिसची वारी आलीच, हे भाटकारालाही आधीच सांगून ठेवा.