कॉर्निया रोपणानंतर नागिणीच्या कुळातील विषाणूपासून डोळा कसा जपावा

ताप येऊन गेल्यावर ओठांच्या कडेला बारीक पाणीदार फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स हा नागिणीच्या कुळातील विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षे सुप्त राहतो. त्यामुळे या विषाणूने व्रण पडलेला कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, काढून दात्याचा निर्मळ कॉर्निया बसवला, तरी विषाणू शरीरातच असतो, आणि रोपण टिकावे म्हणून दिलेल्या स्टिरॉइड थेंबांमुळे स्थानिक प्रतिकार मंदावला की तो पुन्हा डोके वर काढू शकतो.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच, पूर्वी कधी डोळ्याला असा संसर्ग झाला होता का, हे डॉक्टरांना आठवून सांगावे. माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती हीच. असा इतिहास असल्यास विषाणूरोधक अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या बहुधा अनेक महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या थांबवू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते, तेही आधीच सांगावे.

लाली, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा नजर धूसर होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. शरीराने रोपण नाकारल्याचीही लक्षणे हीच असतात, मात्र उपचार वेगळे: नकारात स्टिरॉइड वाढवतात, तर फांद्यांसारखा विषाणूजन्य व्रण असताना तेच थेंब घातल्यास तो पसरतो. हा फरक व्रण उठून दिसावा म्हणून डोळ्यात फ्लुरोसिनचा रंग घालून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिल्यावरच बहुधा उमगतो. घरी उरलेली स्टिरॉइड थेंबांची बाटली स्वतःहून उघडू नये, आणि चालू थेंब स्वतःहून बंदही करू नयेत.