जुनं विंडोज न हलवता लॉजिकल पार्टिशनवर लिनक्स कसं बसवावं

अंबाजोगाईत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांकडे जुना डेस्कटॉप आहे. त्यात विंडोज ७, पेजमेकर, श्रीलिपी आणि आजवर छापलेल्या सगळ्या पत्रिकांच्या फाइली. "हे काढायचं नाही बरं का, लग्नसराई तोंडावर आलीय," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "पण बँकेची साइट काहून उघडत नाही?" उघडणार कशी? मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. मग ठरलं: पत्रिकांसाठी विंडोज आहे तिथेच ठेवायचं आणि नेटसाठी त्याच डिस्कवर लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची.

आधी डिस्क बघून घ्या. कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, मग डिस्क मॅनेजमेंट. डावीकडे जिथे 'डिस्क ०' लिहिलंय तिथे राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. पार्टिशन म्हणजे डिस्कची वाटणी. पार्टिशन स्टाइलपुढे एमबीआर, म्हणजे वाटण्यांची नोंद ठेवायची जुनी पद्धत, असेल तरच पुढचं तुमच्या कामाचं. जीपीटी ही नवी पद्धत असेल तर लॉजिकल (वाटणीच्या पोटातली वाटणी) हा प्रकारच नाही. तिथे विंडोज १२८ पार्टिशन करू देतं, सरळ नवीन करा आणि मोकळे व्हा.

काकांच्या डिस्कवर चार पट्ट्या दिसल्या: १०० एमबीचं सिस्टिम रिझर्व्हड, मग सी, डी, ई. चारही गडद निळ्या, म्हणजे चारही प्रायमरी, मुख्य वाटण्या. इथेच गाडी अडते. एमबीआरचा हिशोब १९८३ पासूनचा. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातल्या ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडला, शेवटच्या २ शिक्क्याला, आणि मधल्या ६४ बाइटांत वाटण्यांची नोंद. एका वाटणीला १६ बाइट लागतात. करा भागाकार. पाचवं नाव या सातबाऱ्यावर चढतच नाही.

त्यावरची तोड म्हणजे एक्स्टेंडेड पार्टिशन. चारपैकी एक वाटणी एक्स्टेंडेड करायची आणि गटाचे पोटहिस्से पाडावेत तसे तिच्या पोटात लॉजिकल पाडायचे. लिनक्स १ ते ४ हे आकडे मुख्य वाटण्यांसाठी राखून ठेवतं, म्हणून पहिल्या लॉजिकलचा नंबर कायम ५ असतो, भले डिस्कवर एकूण दोनच पार्टिशन असोत. एक मात्र लक्षात असू द्या: प्रत्येक लॉजिकलची नोंद त्याच्या तोंडाशी असते आणि तीच पुढच्याचा पत्ता सांगते. मधली एक नोंद बिघडली की पुढचे सगळे दिसेनासे होतात.

विंडोज एवढं समंजस नाही. त्याचा फोल्डर लॉजिकलवर बसतो, पण सुरुवातीच्या फाइली त्याला ॲक्टिव्ह प्रायमरीवरच लागतात. लिनक्स मात्र पुरतं पोटहिश्श्यात राहतं. म्हणून पाहुणा म्हणून तेच बरं.

आता काम. चारांपैकी एकाला जागा सोडावीच लागणार, आणि ती ई ड्राइव्हनं सोडायची. ईमधला सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. कॉपी झाल्यावर दोनचार फाइली तिथून उघडून बघा, नुसता आकडा जुळला म्हणून खूश होऊ नका. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईवर राइट क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. पट्टी काळी झाली की थांबा. त्या काळ्या जागेत विंडोजकडून काही करून घेऊ नका. आणि कुठेही 'डायनॅमिक डिस्क' असा शब्द असलेला प्रश्न आला तर 'नो'. चार पार्टिशन असताना पाचवं मागितलं की विंडोज हेच पुढे करतं. 'यस' म्हटलं की लिनक्स बसवणं अवघड होऊन बसतं, आणि परत फिरण्याची सोय विंडोज स्वतः देत नाही, सगळी पार्टिशन उडवल्याशिवाय.

लाईटचं बघा. मी एकदा यूपीएस न लावता पार्टिशन आखडायला घेतलं, अर्ध्यात लाईट गेली आणि घरचे फोटो गेले ते गेलेच. आपल्याकडे दुपारी हे काम काढूच नये.

मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ४ जीबी रॅमवर बरी चालते. प्रोसेसर तेवढा ६४ बिट हवा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटची फाइल त्यावर चढवणाऱ्या रूफस या प्रोग्रॅममध्ये स्कीम एमबीआर निवडा. विंडोज पूर्ण शटडाउन करा, हायबरनेट नाही. मशीन चालू करताना बूट मेनू उघडा (डेलवर एफ १२, एचपीवर एफ ९). एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लिहिलेलं नाही तो घ्या, कारण जुनं विंडोज जुन्याच पद्धतीनं सुरू होतंय.

इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' हा पर्याय सगळ्यात घातक. खालचा 'समथिंग एल्स' निवडा. यादीत 'फ्री स्पेस' ओळीवर टिचकी मारून अधिक चिन्ह दाबा. प्रकार विचारल्यावर लॉजिकल. एक्स्टेंडेडचं कुंपण तो आपोआप घालतो. आकार ५० जीबी, फॉरमॅट लिनक्सचा ईएक्सटी ४, आणि माउंट पॉइंट (ही जागा लिनक्समध्ये कुठे जोडायची ते) म्हणून नुसती तिरकी रेघ (/). उरलेल्या जागेत काकांच्या डेटासाठी दुसरा लॉजिकल करून ठेवा. लिनक्स बसल्यावर तो एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये करून घ्या, म्हणजे दोन्हीकडून उघडेल. स्वॅपचं (रॅम कमी पडली तर वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन नको, फाइल आपोआप बनते.

खाली बूट लोडर, म्हणजे मशीन चालू होताना विंडोज की लिनक्स हे विचारणारा कोड, कुठे टाकायचा ते विचारलंय. तिथे एसडीए, म्हणजे अख्खी डिस्क. एसडीए ५ नाही. ५ टाकलं तर लिनक्स नीट बसतं, पण मशीन चालू करताना त्याचा पत्ताच कुणाला नसतो आणि थेट विंडोज उघडतं. निम्मे फोन मला याच चुकीचे येतात. (डिस्क दोन असतील तर विंडोज ज्या डिस्कवर आहे ती बघून घ्या.)

पुढे कधी विंडोज नव्यानं टाकलं तर ते पहिल्या सेक्टरवर आपला कोड लिहितं आणि निवडीचा मेनू गायब होतो. लिनक्स जागेवरच असतं. मिंटचा तोच पेनड्राइव्ह लावा, त्यातलं 'बूट रिपेअर' चालवा.

एक गंमत राहिली. लिनक्स मशीनच्या घड्याळात कधीकधी ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली समजतं. काकांच्या बिलावर सकाळी अकराला पहाटेचे साडेपाच उमटले. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा इंग्रजी लिपीत दिली, विंडोजमध्ये येऊन घड्याळ एकदा हातानं लावलं, आणि बिलं पुन्हा दिवसाउजेडी निघायला लागली.