खोली खाली करायची वेळ आली तर: पुण्यात कुटुंबासाठी निवारा कसा मिळवावा

'रविवारपर्यंत खोली खाली करा,' असं घरमालक म्हणाला की घरात पहिली धावपळ टेम्पोसाठी होते. टेम्पो नंतर बघा, आधी कागद गोळा करा. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, जातीचा दाखला, पासबुक, भाडेकरार हे सगळं एका पिशवीत घाला आणि ती पिशवी घरातल्या एकाच माणसाकडे द्या. जुनी लाइटबिलंही फेकू नका, ती कुठे लागतात ते पुढे सांगते. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या गाद्या, भांडी, अगदी तुळशीची कुंडीही टेम्पोत चढली, आणि रेशनकार्ड मात्र फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली राहिलं. संध्याकाळी आणायला गेले तर कुलूप बदललेलं.

मग करार काढून वाचा. मुदत शिल्लक असो वा संपलेली, कोर्टाच्या किंवा सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय सामान रस्त्यावर टाकायचा अधिकार घरमालकाला नाही. तसं झालंच तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्यासाठी दावा लावता येतो. करार नोंदवलेला नसेल तर घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे. मात्र लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराची, मुदत संपल्यावर उगाच अडून बसू नका, कारण ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. चार-सहा आठवडे मागून घेणं आणि ते लेखी घेणं, हेच बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आज रात्रीचंच संकट असेल तर महापालिकेची बेघर निवारा केंद्रं आहेत. त्यासाठी समाज विकास विभागात किंवा जवळच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा. दुपारीच जा, कार्यालय बंद झाल्यावर हातात फक्त फोन उरतो. विचारताना 'जागा आहे का?' एवढ्यावर थांबू नका. नवरा-बायको एकत्र राहू शकतील का, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आईजवळ ठेवतील का, किती दिवस राहता येईल, सामान कुठे ठेवायचं, हे सगळं विचारून घ्या. पुरुषांचं आणि बायकांचं केंद्र वेगळं असेल तर घराची ताटातूट होते, आणि ते दारात पोचल्यावर कळणं फार वाईट. घरात मारहाण होत असेल तर बाईने 181 वर फोन करावा. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्यात राहण्याचा हक्क तिला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिलेला आहे. एकटं पडलेल्या मुलासाठी 1098 आणि वृद्धांसाठी 14567 हे नंबर लिहून ठेवा.

मुलांची शाळा तोडू नका. शाळा बदलावीच लागली तर दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही.

कायमच्या घराचं काम लांबणारं असतं, म्हणून अर्ज निवाऱ्यात असतानाच सुरू करा. म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत ऑनलाइन निघते. तिच्यासाठी उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा. नंबर लागला नाही तर अनामत परत मिळते. 'आतून घर काढून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत. पंतप्रधान आवास योजनेची चौकशी महापालिकेत करा.

झोपडी पाडली जाणार असेल तर रस्ता झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचा. तिथे मोफत घरासाठी 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा मागतात: मतदार यादीतलं नाव, फोटोपास (झोपडीधारकाला सरकारकडून मिळालेलं फोटोचं ओळखपत्र), नाहीतर आजीच्या नावावरचं ते पिवळं पडलेलं लाइटबिल.