चर्चची मंडळी म्हणून मदत करताना या चुका टाळा (पहिल्या दोन तर नक्कीच)

नवीन सेवा-कमिटी नेमली की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "जुने कपडे गोळा करूया." आणि कोणी विरोधही करत नाही, कारण यात सगळ्यांचीच सोय असते, घरातली अडगळ जाते, आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटतं आणि एकाही गरजू माणसाशी दोन शब्द बोलावे लागत नाहीत. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे.

आमच्या तरुण संघाने एकदा उत्साहात हे केलं. उपासना संपताना घोषणा केली, काय आणायचं, कोणत्या मापाचं, कोणासाठी, काहीच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी संडे स्कूलच्या खोलीचं दार उघडेना, इतक्या पिशव्या. अर्ध्या दमट, कुबट वासाच्या, चेन तुटलेल्या पँटी, एकदाच घातलेला आणि बहुतेक म्हणूनच दिलेला कोट, आणि एका पिशवीत फक्त डाव्या पायाचे बूट, ते कोणी दिले हे अजून कोणी कबूल केलेलं नाही. निवडायला कोण बसलं? महिला मंडळातल्या त्याच चौघी, ज्या प्रत्येक कामाला असतात. तरुण संघ तोवर पुढच्या प्रोजेक्टचा लोगो बनवत होता. मुलांचा वर्ग कित्येक रविवार व्हरांड्यात भरला आणि शेवटी टेम्पो करून बराचसा माल भंगारात घातला. टेम्पोचं भाडं गेलं मदत निधीतून, म्हणजे आपली अडगळ आपण गरिबांच्या पैशाने टाकून आलो!

आणि मजा बघा, चर्चच्या मागच्याच वस्तीत लोकांना कपड्यांची अडचण नव्हतीच. कोणाला दवाखान्यात सोबत हवी होती, कोणाला सरकारी फॉर्म भरता येत नव्हता, कोणाच्या मुलाला संध्याकाळी अभ्यासाला शांत जागा नव्हती. हे कळलं कसं, तर त्या चौघींपैकी एक मावशी घरोघरी जाऊन नुसत्या बसून आल्या म्हणून. "ऑनलाइन फॉर्म पाठवून सर्व्हे करूया" म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं, ज्याला फॉर्म भरता येत नाही त्याची अडचण फॉर्मवर कशी कळणार?

माझी पद्धत साधी आहे. आधी वस्तीतल्या शिक्षिका, नर्स, दुकानदार यांना विचारायचं की इथे आधीपासून कोण काय करतंय, वहीत लिहायचं आणि निदान महिनाभर काहीही वाटायचं नाही. नवीन लोकांना हा महिना सहन होत नाही, त्यांना पुढच्या रविवारपर्यंत इम्पॅक्ट हवा असतो. कपडेच द्यायचे असतील तर माप आणि तारखेसकट यादी द्या, आणि रांगेत हातात कोंबण्यापेक्षा टेबलावर मांडा, ज्याला जे हवं ते तो निवडेल. बायबलच्या लेवीय १९ मध्ये शेताचा कोपरा न कापता सोडायला सांगितलंय तो असाच, गरिबाने स्वतः यावं, स्वतः वेचावं. बायबलमधली गरीब विधवा रूथ बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचायला गेली, तिच्या दारात कोणी पेंढी टाकून फोटो काढला नव्हता.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती भक्तीच्या कपड्यात येते. मदत झाली की ती प्रार्थनेत जाहीर होते. एका मंडळीत एका कुटुंबाचं थकलेलं घरभाडं निधीतून भरलं, छान झालं, पण त्याच रविवारी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेत एका वडीलधाऱ्यांनी डोळे मिटून सगळं सांगितलं, नाव, किती महिने थकलं होतं, घरमालक काय बोलला, सगळं. हेतू वाईट नव्हता. पण वर्गात एका मुलाने त्यांच्या मुलीला सरळ विचारलं, "तुम्हाला घरातून काढणार होते ना?" त्यानंतर ती मुलगी आली नाही, मग आई येईनाशी झाली. लोक म्हणाले, "बघा, मदत घेतली आणि गेले." अरे, तुम्हीच घालवलंत त्यांना! मत्तय ६ मध्ये दान देताना करणा (तुतारी) वाजवू नका असं प्रभू येशू सांगतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा 'प्रेयर पॉइंट' (प्रार्थनेचा विषय) हा आजचा करणाच आहे. आमच्याकडे आता नाव फक्त तिघांना माहीत असतं, वहीत नावाऐवजी नंबर असतो, आणि प्रार्थना करायचीच असेल तर "अडचणीत असलेल्या एका घरासाठी" एवढं पुरतं. देवाला पत्ता माहीत आहे.

फोटोंचं वेगळं सांगायला नको. घेणाऱ्याचा चेहरा नको, बस्स.

मदतीआधी सक्तीचा संदेश (प्रवचन) ऐकवणं हाही एक लाडका शॉर्टकट. तासभर बसवून ठेवायचं, मग पिशवी द्यायची, आणि रिपोर्टमध्ये लिहायचं की इतके लोक उपासनेला आले. पिशवीसाठी बसलेला माणूस पिशवीसाठीच बसलेला असतो, त्याला आणि तुम्हाला दोघांनाही हे माहीत असतं. रोमन सम्राट ज्युलियन, राज्य ३६१ ते ३६३, ख्रिस्ती लोकांचा कट्टर विरोधक, त्याने आपल्या एका पुरोहिताला वैतागून लिहिलं होतं की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणायचा) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात आणि आपल्याला लाज आणतात. कामाची ही पावती विरोधकाने दिलेली आहे, आपल्या वार्षिक अहवालाने नाही. उपासनेचं आमंत्रण जरूर द्या, फक्त वेगळ्या दिवशी द्या.

"आमच्याकडे भेदभाव नाही हो," असं म्हणणाऱ्यांनी बायबलमधलं प्रेषितांची (येशूच्या मुख्य शिष्यांची) कृत्ये ६ पुन्हा वाचावं. पहिल्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना झापलं नाही, मंडळीला सात माणसं निवडायला लावली, आणि स्तेफन, फिलिप्प धरून सातही नावं ग्रीक आहेत. मला यावरून वाटतं की ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या लोकांकडे काम गेलं. आपल्याकडे काय होतं, तक्रार आली की कमिटीच तक्रारीची चौकशी करते आणि कमिटीला कमिटी निर्दोष सापडते. वाटपाच्या यादीवर घेणाऱ्यांपैकी निदान दोघं बसवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

पैशाबद्दल "आपसात विश्वास आहे" हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. यरुशलेमच्या मंडळीसाठी मदत गोळा करायला प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन ख्रिस्ती बांधव पाठवले, कोणी बोट दाखवू नये म्हणून, २ करिंथ ८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. पौलाला साक्षीदार लागले तर आपल्या खजिनदाराला लागले म्हणून अपमान कसला? मोजायला दोघं, एका घरातले नाहीत, आणि चिठ्ठीवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कोणी खोलीबाहेर जायचं नाही. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) एकट्याने किती देऊ शकतात याचीही मर्यादा ठरवा, त्यांच्याच भल्यासाठी, नाहीतर रात्री अपरात्री दार वाजलं की नाही म्हणायची जबाबदारी त्यांच्या एकट्यावर येते.

फक्त नाताळात देणं. भूक डिसेंबर बघून लागत नाही. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की दर रविवारी जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांच्यासाठी पुढाऱ्याकडे ठेवलं जायचं. थोडं पण दर आठवड्याला, हे मला एका मोठ्या कार्यक्रमापेक्षा केव्हाही पटतं.

त्याच चौघींना राबवणं: पाळ्या लावा, आणि भाऊ लोकांची नावं आधी लिहा.

"फसवतील" ही भीती: फसवतात, कधीकधी. एकच माणूस तीच गोष्ट घेऊन तिसऱ्यांदा आला तर पैसे हातात न देता घरमालकाकडे किंवा औषधाच्या दुकानात सोबत जाऊन द्या, बहुतेक वेळा खरं काय ते वाटेतच कळतं. पण त्या एकासाठी उरलेल्या सगळ्यांकडून पाच कागदपत्रं मागायची पद्धत काढू नका, कारण खोटं बोलणारा ती पाचही घेऊन येतो आणि खरा गरजू दुसऱ्याच कागदाला अडकून परत जातो.