जड स्पीकर लांब पाठवताना आधी चुंबक सांभाळा

तीस-पस्तीस किलोचा उभा स्पीकर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडून पुण्याला किंवा बंगळुरूला पाठवायचा म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो: गोधडीत गुंडाळा, वरून बबल मारा, दोरीने आवळा. याने पॉलिशवरचे ओरखडे वाचतात, एवढंच. स्पीकर मोडतो तो आतून.

माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका जोडीचं खोकं कुठे चेपलेलंसुद्धा नव्हतं. कॅबिनेट चकचकीत. वूफरच्या, म्हणजे खालचे जाड आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कोनावर (पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) दोन्ही हातांची बोटं सारखी टेकवून हलकेच आत दाबलं, तर खर्रर्र. मागचं चुंबक जाड कागदाएवढं सरकलं होतं आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं, त्याला घासत होती. खोकं ट्रकच्या फाळक्यावरून खाली आदळलं की कॅबिनेट जागच्या जागी थांबतं, पण बास्केटच्या (वूफरच्या धातूच्या सांगाड्याच्या) टोकाला लटकलेलं दोन-चार किलोचं चुंबक थांबत नाही. फेराइट चुंबक बहुधा लोखंडी प्लेटांना नुसतं चिकटवलेलं असतं. मग कधी तो जोड सुटतो, कधी पत्र्याची बास्केट वाकते, कधी कॅबिनेटच्या एमडीएफमधले (लाकडी भुसा दाबून केलेल्या फळीतले) स्क्रूच उपटून येतात.

म्हणून चुंबक तळहातात मावत नसेल इतकं मोठं असेल, तर वूफर काढून वेगळा पाठवा. वायरींचे फोटो काढा, प्लसच्या वायरीला टेप लावा. प्लायचा चौकोन कापून त्याला वूफरची कडा बोल्टने आवळा, कोन प्लायकडे, आणि कोनाची रबरी कड प्लायला टेकत असेल तर मध्ये रिंग घाला. चुंबकाखाली फोमचा ठोकळा द्या. कॅबिनेटचं रिकामं भोक पुठ्ठ्याने बंद करा. परत बसवणाऱ्याला बजावून सांगा की स्क्रू हाताने फिरवायचे, ड्रिल मशीनने नाही.

लहान वूफर आत राहिला तरी चालतो. ॲम्प्लिफायर आत नसलेल्या साध्या स्पीकरच्या मागच्या लाल-काळ्या टर्मिनलांना वायरचा तुकडा जोडून ठेवा. कोन हलला की कॉइलमध्ये वीज तयार होते आणि तीच त्याला ब्रेक लावते. पोचल्यावर ॲम्प्लिफायर जोडण्याआधी हा तुकडा काढायचाच, असं खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

आता फोम. सगळी गोम इथे आहे, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. गादीचा मऊ फोम कितीही जाड घेतला तरी पस्तीस किलोखाली बसतो. आदळल्यावर दबायला त्यात काही उरतच नाही. बबलचंही तेच, प्रवासात एकेक फुगा फुटतो. उलट फार कडक फोम भरपूर पसरला तर तो दबतच नाही आणि धक्का जसाच्या तसा आत जातो. फोम किती जाड आहे एवढं पाहून भागत नाही. किती वजन किती जागेवर टेकलंय ते बघा.

माझी पद्धत अशी. टीव्ही-फ्रिजच्या दुकानात खोक्यांमधले दाट ईपीई फोमचे (पांढऱ्या, चिवट पॅकिंग फोमचे) तुकडे पडून असतात, ते मागून आणा. नाहीच मिळाले तर गादीवाल्याकडून रिबॉन्डेड फोमचा (फोमचा चुरा चिकटवून केलेला, कडक) तुकडा घ्या. किमान ५० मिमी जाडी हवी. चार तुकडे जमिनीवर ठेवून त्यांवर स्पीकर उभा करा आणि पट्टीने मोजा. चार-पाच मिमी दबला तर बरोबर. अर्धा दबला तर तुकडे मोठे करा किंवा फोम बदला. अजिबात दबला नाही तर तुकडे कापून लहान करा. लहान केल्याने संरक्षण वाढतं हे लोकांना पटत नाही, पण कडक फोमचं गणित असंच आहे. हे तुकडे फक्त कोपऱ्यांना आणि कडांना बसवा, तिथेच कॅबिनेट सगळ्यात मजबूत असतं. जाळीवर, ट्विटरवर (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर), सपाट बाजूच्या मधोमध काहीही दाबून भरू नका.

पोकळीत कापूस किंवा सोयाबीनचं कुटार तर मुळीच नको. कापूस दबून एका कोपऱ्यात जातो. कुटाराची धूळ कॉइलच्या फटीत शिरते, आणि ती फट मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते.

पॉलिशला बबल थेट लावू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, बंद ट्रकमध्ये त्याहून जास्त, आणि फुग्यांचे गोल ठसे पॉलिशवर कायमचे उठतात. आधी सुती कापड, मग फोम, मग खोकं. पावसाळ्यात आतल्या खोक्याभोवती जाड प्लास्टिक हवंच, कारण पाणी लागलं की एमडीएफ फुगतो.

बाहेर १२ मिमी प्लायची पेटी, खाली दोन आडव्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना दोरीचे कडे. स्क्रूच वापरा. खिळे ठोकताना हादरे बसतात, आणि सांडलेला खिळा चुंबकाने ओढला तर थेट कोनातून जातो. वरून बारदान शिवू नका. बारदान दिसलं की हमालाचा आकडा लागतो, त्यात त्याचा दोष नाही. पेटी बंद झाली की कडेने उचलून हलवा. आतून दुसरा ठोका हाताला जाणवला तर परत उघडा.

तालुक्याच्या गोडाऊनला बुकिंग करू नका. तिथला माल आधी अमरावती-नागपूरला उतरतो, परत चढतो, आणि तेवढ्या वेळा आदळायची शक्यता वाढते. छोटा हत्ती करून पेटी स्वतः नागपूरला न्या आणि थेट जाणाऱ्या गाडीत उभी ठेवून घ्या.

बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची माल घेतल्याची पावती, सही करण्याआधी वाचा. रस्ते मालवाहतुकीच्या २००७च्या कायद्याखालच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती असते. भाडं ९०० रुपये असेल तर ९,००० रुपयांच्या वर हात वर होतात, मग जोडी लाखाची का असेना. जास्त किंमत लेखी जाहीर करून जादा जोखीम दर भरला, तरच पुढचं बोलता येतं. माल घेणाऱ्याने फुटकी पेटी दिसली तर पोच देताना तिथेच शेरा लिहावा. दाव्याची नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत जायला हवी.

पेटी उघडल्यावर आधी टर्मिनलवरचा वायरचा तुकडा काढायला सांगा, मग वूफर बसवून कोन बोटांनी दाबून पाहायला सांगा. खरखर नसेल तरच ॲम्प्लिफायर जोडायचा, तोही पहिली दहा मिनिटं हळू आवाजात.